समुद्र शिकायचा म्हणजे नेमकं काय शिकायचं?

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकणं आणि त्यानंतरच्या कामाच्या वाटा. हा विषय निवडायला एक निमित्त झालं. कोकणातल्या एका गावात आम्ही विद्यार्थ्यांशी बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर बारावीतली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिला समुद्रविज्ञान शिकायचं होतं. वडिलांची स्वतःची होडी. ते म्हणाले, "सर, समुद्र आमच्या दारात आहे. तो शिकायला हिला इतकी वर्षं बाहेर कशाला पाठवू? आणि शिकून आल्यावर हिला कामावर ठेवणार कोण?"

प्रश्न दोन होते आणि दोन्ही रास्त होते. त्या दिवशी निघायच्या घाईत आम्ही जे उत्तर दिलं, ते आमचं आम्हालाच पुरेसं वाटलं नाही. आज ते नीट द्यायचा प्रयत्न करू.

आधी थोडा गोंधळ दूर करू. समुद्रविज्ञान म्हटलं की निम्म्या लोकांना मर्चंट नेव्ही आठवते. ती वेगळी वाट, तिथे जहाज चालवायला शिकतात. काहींना मत्स्यशास्त्र आठवतं. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे मासेमारी, मत्स्यपालन, माशांचं आरोग्य हे विषय शिकवतात. ते आपल्या विषयाचे सख्खे शेजारी, पण घर वेगळं. समुद्रविज्ञानात अभ्यास होतो तो समुद्राचाच: त्याचं पाणी कसं वाहतं, त्यात काय विरघळलेलं आहे, त्यात काय जगतं आणि त्याच्या तळाशी काय साचलं आहे.

या चार प्रश्नांच्या चार शाखा होतात. भौतिक, रासायनिक, जैविक आणि भूवैज्ञानिक समुद्रविज्ञान. पुस्तकात त्या वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. समुद्रात मात्र त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. हे एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं आहे.

एक प्रश्न, चार शास्त्रं

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. नेमक्या याच काळात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याजवळ तळालगतच्या पाण्यातला प्राणवायू खूप कमी होतो. काही ठिकाणी तो जवळजवळ संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. असं का होतं?

पहिलं उत्तर भौतिकशास्त्र देतं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर, खोल समुद्राकडे ढकललं जातं. यात वाऱ्याचा वाटा असतो आणि पृथ्वीच्या फिरण्याचाही. वरचं पाणी गेलं की त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर चढतं. याला अपवेलिंग म्हणतात. त्याच वेळी पाऊस आणि नद्या गोडं पाणी आणून टाकतात. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते वर तरंगतं आणि त्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो. वरची हवा खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाही.

दुसरं उत्तर जीवशास्त्र देतं. खालून आलेल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर असतात, म्हणजे समुद्राचं खतच. त्यावर सूक्ष्म वनस्पती, ज्यांना प्लवक म्हणतात, त्या जोमाने वाढतात. त्यांच्यावर मासे जगतात. आपल्या किनाऱ्याला बांगडा आणि तारली भरपूर मिळते त्याचं एक मोठं कारण हेच. पण जे खाल्लं जात नाही ते मरून तळाशी जातं. तिथे जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू वापरतात.

तिसरं उत्तर रसायनशास्त्राचं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर आधीच प्राणवायू अत्यंत कमी असलेला एक जाड थर आहे. किनाऱ्याकडे वर चढणारं पाणी मुळातच प्राणवायूची कमतरता घेऊन येतं. मग प्राणवायू संपत आला की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड वायू बाहेर पडतो. तापमानवाढ करण्यात या वायूचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० किलोंच्या बरोबरीचा असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली 'नेचर' नियतकालिकात आपल्या किनाऱ्यावरच्या याच घडामोडी जगापुढे मांडल्या.

आणि चौथं उत्तर भूविज्ञानाचं. हे पूर्वीही होत होतं का, की आता शेतांतली खतं आणि शहरांचं सांडपाणी समुद्रात गेल्यामुळे वाढलं आहे? हे ठरवायला तळाच्या गाळात लांब नळी घालून गाळाचा उभा नमुना काढतात. गाळ थरावर थर साचलेला असतो. त्यातल्या सूक्ष्म जीवांची कवचं तपासली की शेकडो-हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्याची स्थिती कळते.

आता बघा, प्रश्न एक होता, पण कुठलंही एक शास्त्र एकट्याने त्याचं उत्तर देऊ शकलं नाही. होडीवाल्या बापाला हा प्रश्न ठाऊकच असतो. कुठल्या महिन्यात तळाचं जाळं रिकामं येतं, पाण्याचा वास कधी बदलतो, हे त्याला आमच्याआधी कळतं. पण का होतं, किती होतं आणि पुढच्या वर्षी काय होईल, हे सांगायला मोजमाप लागतं. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठराविक जागी १९९०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासलं जातं आहे, ते याचसाठी.

मोठं विद्यापीठ कशासाठी?

चार शास्त्रं एका आवारात हवीत, हे मोठ्या विद्यापीठाकडे जाण्याचं पहिलं कारण. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथला समुद्रविज्ञान विभाग जगातल्या नामवंत विभागांपैकी एक. तो उभा केला थॉमस थॉम्प्सन यांनी, आणि ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. विभागाच्या संशोधन जहाजाला आज त्यांचंच नाव आहे. तिथे पदवीपासूनच समुद्रविज्ञान शिकता येतं. पण गंमत अशी की सुरुवातीला विद्यार्थ्याच्या वाट्याला समुद्र कमी आणि कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रच जास्त येतं. शेवटच्या वर्षी मात्र त्याने स्वतःचा प्रश्न निवडायचा, जहाजावर जाऊन नमुने गोळा करायचे आणि प्रबंध लिहायचा.

आपल्याकडे क्रम थोडा वेगळा आहे. इथे बहुतेक ठिकाणी आधी एखाद्या मूळ विषयात बी.एस्सी. करायची आणि एम.एस्सी.ला समुद्राकडे वळायचं. भारतातल्या या शिक्षणाचा एक धागा विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात सापडतो. तिथे १९५२ साली युजीन लाफॉन्ड हे अमेरिकन समुद्रवैज्ञानिक फुलब्राइट प्राध्यापक म्हणून आले आणि विद्यार्थ्यांना घेऊन थेट समुद्रावर काम सुरू केलं. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्यातून १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यात दोना पावला इथे तिचं मुख्यालय आहे. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला प्रादेशिक केंद्रं आहेत.

आज मराठी विद्यार्थ्याला सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे गोवा विद्यापीठ. ताळगावच्या पठारावरून राष्ट्रीय संस्था अगदी जवळ आहे, आणि वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. दुसरं महत्त्वाचं ठिकाण कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे कुसॅट म्हणतात. तिथे भौतिक समुद्रविज्ञान, सागरी जीवशास्त्र, सागरी रसायनशास्त्र, सागरी भूविज्ञान आणि हवामानशास्त्र हे विभाग शेजारी शेजारी आहेत. कोलकाता विद्यापीठात सागरी विज्ञान आहे. तमिळनाडूत परंगीपेट्टैला अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं जुनं केंद्र आहे. गणिताकडे ओढा असेल तर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, खरगपूर, दिल्ली, भुवनेश्वर इथली आयआयटी या ठिकाणी समुद्र आणि वातावरण यांचा एकत्र अभ्यास चालतो. चेन्नईच्या आयआयटीत समुद्र अभियांत्रिकी आहे, म्हणजे बंदरं, तेलाचे फलाट, लाटांपासून संरक्षण.

मोठ्या विद्यापीठाचं दुसरं कारण साधनसामग्रीचं. नमुने आणणारं जहाज, ते तपासणारी यंत्रं, मोठे संगणक हे एखाद्या लहान कॉलेजला परवडणारं नाही. आणि तिसरं कारण माणसांचं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याची खोली जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला लागून असते. प्रश्न चहाच्या टेबलावर बदलतात, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

पण एक धोका सांगायला हवा. मोठ्या विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. विभागाला चार प्रश्न विचारा. विद्यार्थी समुद्रावर प्रत्यक्ष किती दिवस जातात? कोणत्या संस्थेबरोबर प्रबंधाचं काम होतं? संख्यात्मक विश्लेषण आणि संगणक शिकवतात का? आणि मागच्या तीन-चार वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच समजा.

मूळ विषय सोडू नका

आज सांगण्यासारखी आमची एकच गोष्ट असेल तर ती ही: समुद्रविज्ञानात शिरताना हातात एक मूळ शास्त्र पक्कं हवं. भौतिक शाखेला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. रासायनिकला रसायनशास्त्र, जैविकला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, आणि भूवैज्ञानिकला भूशास्त्र. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर प्राणिशास्त्रातून आले होते. मूळ विषय पक्का असला की दोन फायदे होतात. समुद्राचा प्रश्न वरवर न कळता आतून कळतो. आणि समुद्रात नोकरी मिळाली नाही, तरी रसायनशास्त्रज्ञ किंवा संगणकतज्ज्ञ म्हणून पाय टेकायला जागा राहते.

मूळ विषयाच्या जोडीला आज दुसरं एक कौशल्य हवंच, ते म्हणजे माहितीचं विश्लेषण. जगाच्या समुद्रांत सुमारे ४००० आर्गो फ्लोट तरंगत आहेत. हे माणसाच्या उंचीएवढे यांत्रिक नळकांडे आपोआप २००० मीटर खोल जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि साधारण दर दहा दिवसांनी उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. ही सगळी माहिती कोणालाही फुकट मिळते. पायथन ही संगणकभाषा थोडी शिकलेला बी.एस्सी.चा विद्यार्थी सोलापुरात बसूनही अरबी समुद्राचं तापमान काढू शकतो.

जहाजावरचे दिवस

जहाजाबद्दल मुलांच्या मनात फार सुंदर चित्र असतं. थोडं खरं सांगू. मोहीम दोन-चार आठवड्यांची असते, कधी त्याहून जास्त. काम पाळ्यांमध्ये चालतं. रात्री दोन वाजता ठरलेल्या जागी जहाज पोचलं की बाटल्यांचा मोठा सांगाडा पाण्यात सोडायचा. प्रत्येक बाटली वेगळ्या खोलीवर बंद होते. सांगाडा वर आला की आधी प्राणवायूचा नमुना घ्यायचा, बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही. तो मोजायची मूळ पद्धत हंगेरीच्या लायोस विंकलर यांनी १८८८ साली शोधली आणि आजही ती खात्रीची मानली जाते. पहिल्या दोन दिवसांत बोट लागते, उलट्या होतात, तरी पाळी सोडता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि आपले सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न नेमके पावसाळ्यातलेच असतात.

मुलींना पाठवावं का, हा प्रश्न आम्हाला अजूनही पालक विचारतात. त्यांना आम्ही अदिती पंत यांचं नाव सांगतो. जन्म नागपूरचा, पदवी पुण्याची, पुढचं शिक्षण हवाई आणि लंडनमध्ये, मग गोव्याच्या संस्थेत संशोधन. १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, आणि भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. त्यालाही आता चाळीस वर्षं झाली.

शिकून आल्यावर ठेवणार कोण?

आता वडिलांचा दुसरा प्रश्न. कामाच्या जागा आम्ही चार गटांत मांडतो.

पहिला गट संशोधनाचा. गोव्यातल्या दोन संस्था, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, कोचीची नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा, आणि विद्यापीठं. २०२१ साली सरकारने सुमारे ४०७७ कोटींच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना ६००० मीटर खोल नेणारं 'मत्स्य ६०००' हे पाणबुडं याच मोहिमेचा भाग आहे.

दुसरा गट सेवेचा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था २००४च्या त्सुनामीनंतर, २००७पासून, त्सुनामीची पूर्वसूचना देणारं केंद्र चालवते. लाटांचा, उधाणाचा अंदाज देते. समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे हे मच्छिमारांना कळवते. हैदराबादला समुद्र नाही, हे सांगितलं की सगळे हसतात, पण समुद्राचं बरंचसं काम आता पडद्यासमोर होतं.

तिसरा गट बांधकाम आणि सर्वेक्षणाचा. बंदर बांधायचं तर गाळ किती साचेल, लाटा कुठून येतील हे आधी कळावं लागतं. पुण्यात खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांचे अभ्यास होतात. खासगी सल्लागार कंपन्या किनारी प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करतात, तळाचं सर्वेक्षण करतात, समुद्राखालून जाणाऱ्या नळांचे आणि केबलचे मार्ग तपासतात. तेल आणि वायू उद्योगालाही अशी माणसं लागतात. या गटाबद्दल विद्यार्थी सगळ्यात कमी विचारतात, आणि एम.एस्सी. झाल्यावर लगेच काम मिळण्याची शक्यता बहुधा इथेच असते.

चौथा गट शिक्षण, विज्ञानलेखन, संग्रहालयं, किनारी भागात काम करणाऱ्या संस्था. पगार कमी, पण समाधान मानणारे बरेच जण भेटतात.

आता खरी अडचण. संशोधनातल्या कायम जागा थोड्या आहेत. हिशेब मांडून बघा: अठराव्या वर्षी बारावी, तीन वर्षं बी.एस्सी., दोन एम.एस्सी., पाच पीएच.डी. झाले अठ्ठावीस. त्यानंतर दोन-तीन वर्षं इथे किंवा परदेशात पोस्ट-डॉक. म्हणजे कायम नोकरीचा प्रश्न तिशी ओलांडल्यावर येतो. मधल्या काळात अगदीच हात रिकामे नसतात. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, समुद्र आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. पण बरीच मुलं प्रकल्पांवर वर्षा-दोन वर्षांच्या करारावर काम करतात. प्रकल्प संपला की पुन्हा शोध. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांची जबाबदारी असेल, तर हे आधी घरात बोलायला हवं. "पुढे बघू" असं म्हणून पाचवं वर्ष उजाडलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांची दमछाकही पाहिली आहे.

म्हणून आमचा सल्ला असा की थांबे ठरवून निघा. पहिला थांबा बी.एस्सी.: गोडी टिकली नाही तर मूळ विषयात राहा. दुसरा थांबा एम.एस्सी.: सर्वेक्षण, सल्लागार कंपन्या, माहिती विश्लेषण यांत जाता येतं का ते तपासा. पीएच.डी.ला बसायचं ते स्वतःचा प्रश्न सापडला असेल तरच. नोकरी मिळेना म्हणून पीएच.डी. केली तर ती अडचण फक्त पाच वर्षांनी पुढे जाते.

आता त्या बापलेकींकडे परत येऊ. वडिलांना आमचं उत्तर असं: समुद्र तुमच्या दारात आहे, हीच तुमच्या मुलीची जमेची बाजू. पण त्याचं मोजमाप करायची विद्या दारात मिळत नाही, त्यासाठी बाहेर जावं लागेल. नोकरीची हमी आम्ही देणार नाही. मूळ विषय पक्का केला तर ती रिकाम्या हाताने परत येणार नाही, एवढं सांगू.

आणि मुलीला या वर्षापुरतं सांगायचं आहे. गणित सोडू नकोस. जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घे. आर्गोचे आकडे उतरवून घे. आणि एक वही कर. होडी कुठल्या तारखेला गेली, किती वावात जाळं टाकलं, काय मिळालं, पाणी कसं होतं, हे वडिलांना रोज विचारून लिही. तीन वर्षांनी विद्यापीठात जाशील तेव्हा तुझ्याजवळ एक नोंदवही असेल, जी तिथल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नसेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.